गुजरातच्या गृहसचिवांना बडोद्याहून खुले पत्र: आमचे मोबाईल इंटरनेट बंद करण्याआधी

प्रति,
माननीय गृहसचिव,
गुजरात राज्य, गांधीनगर

महोदय, स. न. वि. वि.

दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नवे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये लागू केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली आलेल्या या नियमांनी २०१७ च्या नियमांची जागा घेतली. पण राज्यात इंटरनेट कधी, कुठे आणि किती दिवस बंद ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार पूर्वीसारखाच राज्याच्या गृहसचिवाकडे राहिला. तो पोलीस आयुक्तांना नाही, जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. म्हणून हे पत्र आपल्या नावाने लिहीत आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतही ते वाचले जावे म्हणून इथे मराठीत देत आहे. गुजरातीतली सहीची प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे.

मी दांडिया बाजारात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घराच्या तळमजल्यावर मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. येणाऱ्या मुलांपैकी कुणाची आई चार घरी पोळ्या करते, कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचा भाऊ दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोचवतो. घरात स्वतंत्र खोली नाही, टेबल नाही, म्हणून ती इथे येतात. तलाठी, कारकून, पोलीस शिपाई, रेल्वे, जी परीक्षा निघेल तिचा अर्ज भरतात. नोट्स फोनवर, सराव प्रश्नपत्रिका फोनवर, प्रवेशपत्रही फोनवर. यांतल्या एकाच्याही घरी तारेचे ब्रॉडबँड नाही. या मुलांच्या वतीने मला आपल्याशी भांडायचे आहे.

आधी वायफायबद्दल सांगते. अभ्यासिकेसाठी मी एक कनेक्शन घेतले. ते बसवायला आलेल्या माणसाने पहिली गोष्ट बजावली ती अशी: बाई, पासवर्ड कुणाला देऊ नका, उद्या काही झाले तर पोलीस तुमच्याच दारात येतील. ही भीती कुठून आली ते गुजरातमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. जखमींना घेऊन लोक ज्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये धावले तिथेही स्फोट झाला. पन्नासहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल आला होता, तो नवी मुंबईतल्या एका घरातल्या कुलूप नसलेल्या वायफायवरून पाठवलेला निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळीही मुंबईतले असेच एक उघडे वायफाय वापरले गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की वायफाय उघडे ठेवू नये आणि वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे.

त्या आदेशावर माझी तक्रार नाही. घराला कुलूप लावतो तसे वायफायलाही लावावे, हे मला मान्य आहे. तक्रार आहे ती त्यानंतरच्या मौनाबद्दल. माझ्यासारख्या बाईने पंधरा-वीस मुलांना वायफाय द्यायचे तर नोंद कशी ठेवायची, किती दिवस ठेवायची, कुणी मागितली तर कुणाला दाखवायची? अभ्यासिका, वाचनालय, सोसायटीचे सभागृह यांच्यासाठी गुजरातीत लिहिलेले एक पानही मला आजवर कुठे मिळालेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता यावे असा तिचा हेतू. म्हणजे एक सरकारी हात वायफाय वाटा म्हणतो आणि दुसरा गप्प राहून घाबरवतो. घाबरलेला माणूस वायफाय बंदच ठेवतो. मीही मुलांना सांगते, आपापल्या डेटावर बघा. अशा रीतीने सगळा भार येऊन पडतो मोबाईलच्या डेटावर, आणि सुरक्षेचे कारण देऊन नेमका तोच बंद केला जातो.

बडोद्याने हे २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सोसले. नवरात्राचे दिवस होते. समाजमाध्यमावरच्या एका चित्रावरून दंगल पेटली आणि शहरातले मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसत, कॉल लागत, उघडत मात्र काहीच नव्हते. अफवा थांबल्या नाहीत. त्या कॉलवरून आल्या, ओट्यावरून आल्या, दूध घालायला येणाऱ्याकडून आल्या. अमुक भागात कर्फ्यू आहे की नाही, शाळा उघडणार की नाही, हे खात्रीने कळायची वाट तेवढी बंद झाली. ज्या घरी ब्रॉडबँडची तार होती त्या घरी सगळे कळत होते. शेजारी त्यांच्याकडे विचारायला जात.

मग ऑगस्ट २०१५ आला. २५ तारखेच्या अहमदाबादच्या पाटीदार सभेनंतर हिंसाचार उसळला आणि राज्यात मोबाईल इंटरनेट बंद झाले. त्या वेळी आधार घेतला गेला तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा, म्हणजे जमावबंदीच्या कलमाचा. एका जनहित याचिकेने गुजरात उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. न्यायालयाने याचिका फेटाळली. दिलेल्या कारणांत एक असे होते की इंटरनेट पूर्ण बंद नव्हते, ब्रॉडबँड आणि वायफाय सुरूच होते, बंदी फक्त मोबाईलपुरती होती. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घातला नाही.

न्यायालयाचा मान राखून सांगते, हे कारण माझ्या अभ्यासिकेच्या दारात टिकत नाही. ब्रॉडबँड सुरू होते, पण कुणाच्या घरी? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे मार्च २०२४ अखेर देशात इंटरनेटचे सुमारे ९५ कोटी ग्राहक होते आणि त्यांपैकी तारेने जोडलेले जेमतेम ४ कोटी. एका कनेक्शनवर घरातली चार माणसे चालतात असे धरले तरी बाकीचा देश बिनतारीच आहे. मोबाईल बंद केला की आपण दंगलखोराला अडवता असे आपल्याला वाटते. अडतो तो रिक्षावाला, पोळ्या करणारी बाई आणि त्यांची मुले. अलकापुरीतल्या बंगल्यात राउटरचा हिरवा दिवा चालूच असतो. आता तर गच्चीवर डबी बसवून ५जी वर घरचे इंटरनेट घेणारीही कुटुंबे आहेत. त्यांना आपण तारवाल्यांत धरता की बिनतारी लोकांत, हे आदेशात लिहिलेले असते का? सुरक्षेचा भार सगळ्यांनी उचलायचा असेल तर मी पहिली येईन. पण प्रत्येक वेळी तो एकाच बाजूच्या डोक्यावर का ठेवला जातो, याचे उत्तर मला हवे आहे.

शिवाय २०१५ मध्ये मोबाईल इंटरनेट गेले तेव्हा काय गेले आणि आज गेले तर काय जाईल, यात फार अंतर आहे. तेव्हा यूपीआय नव्हते, ते आले २०१६ मध्ये. आज खंडेराव मार्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुडीजवळ क्यूआर कोड ठेवलेला असतो. पार्सल पोचवणाऱ्या मुलाला डेटा नाही म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही. त्याला सुट्टीचा पगार कोण देणार? मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान कारखानदाराला माल हलवायचा तर ई-वे बिल काढावे लागते, आणि त्याच्याकडचा मुनीम ते फोनवरूनच काढतो. गरब्याहून रात्री उशिरा परतणाऱ्या मुली घरी लाइव्ह लोकेशन पाठवतात. आयांनी त्या भरवशावर त्यांना सोडलेले असते. स्टार नव्याण्णव हॅश लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात हे खरे आहे, पण भाजीवालीला ते कुणी शिकवले? बंदीच्या आदेशाबरोबर एवढी साधी माहिती तरी कधी दिली गेली?

आता परीक्षेचे. हे मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती माझी मुले आहेत. २८ फेब्रुवारी २०१६ ला तलाठी भरतीच्या परीक्षेसाठी सकाळी ९ ते दुपारी १ राज्यात मोबाईल इंटरनेट बंद ठेवले गेले. कॉपी आणि पेपरफुटी रोखायची होती म्हणे. काही लाख परीक्षार्थींसाठी साऱ्या राज्याचे इंटरनेट चार तास बंद. परीक्षा म्हणजे सार्वजनिक आणीबाणी कशी होते? कायद्यात शब्द आहेत सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षा. तलाठ्याची भरती त्यांत कुठे बसते?

आणि पेपर फुटतो कुठून, हेही गुजरातने पाहिले आहे. २९ जानेवारी २०२३ ला कनिष्ठ कारकुनाची परीक्षा त्याच दिवशी पहाटे रद्द झाली. साडेनऊ लाख उमेदवार होते. रात्रभर एसटीने प्रवास करून केंद्रावर पोचलेली मुले तिथून परत फिरली. पेपर फुटला होता हैदराबादच्या छापखान्यातून, आणि अटका झाल्या त्यांत बडोद्यातले लोकही होते. परीक्षेच्या चार तासांत मोबाईल बंद ठेवून तो पेपर वाचला असता का? त्यानंतर आपल्याच विधानसभेने परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी कठोर शिक्षेचा कायदा केला. तो योग्य मार्ग आहे. गुन्हा करणाऱ्याला पकडायचा कायदा हातात असताना न केलेल्या गुन्ह्यासाठी सगळ्या राज्याला शिक्षा देण्याचे कारण उरत नाही.

काश्मीरबद्दल थोडेच बोलते, कारण तिथल्या परिस्थितीवर दुरून निवाडा देणे मला शोभत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथले इंटरनेट गेले आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पण त्या प्रकरणातून जो निकाल आला तो आपल्यालाही लागू आहे. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून बोलण्याला आणि धंदा करण्याला राज्यघटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. बंदी बेमुदत चालणार नाही. उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा. आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे ज्याच्यावर तो लादला त्याला न्यायालयात जाता येईल. २०२४ च्या नियमांतही आदेश प्रसिद्ध करणे, त्यात कारणे देणे, नेमका भूभाग सांगणे आणि १५ दिवसांच्या वर न जाणे या अटी आहेत.

नियम कागदावर चांगले आहेत. माझी शंका त्यांच्या पालनाबद्दल आहे आणि ती हवेतली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या संसदीय स्थायी समितीने अहवाल दिला. शशी थरूर तिचे अध्यक्ष होते, पण समिती सर्व पक्षांची होती. देशात किती वेळा, कुठे, किती काळ इंटरनेट बंद झाले याची नोंद गृह मंत्रालयही ठेवत नाही आणि दूरसंचार विभागही ठेवत नाही, असे समितीला आढळले. बंदीमुळे दंगा खरोखर आटोक्यात आला का, याचाही कुणी अभ्यास केलेला नव्हता. ज्या औषधाचा गुण आला की नाही हे डॉक्टर लिहूनच ठेवत नाही, ते औषध पुन्हा पुन्हा रोग्याला पाजण्याचा त्याला काय हक्क आहे?

पुनर्विलोकन समितीचीही गोष्ट तशीच. आपण दिलेला आदेश पाच दिवसांत तपासायचा असतो, आणि तपासणार कोण तर मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. सगळे सरकारचेच अधिकारी. त्यांच्या सचोटीवर मी बोट ठेवत नाही. पण आपल्याच सहकाऱ्याचा आदेश चुकला असे म्हणायला माणसाला वेगळे बळ लागते, आणि त्या टेबलाशी डेटा गेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे कुणीही नाही. संसदीय समितीने निवृत्त न्यायाधीशांसारखे बिनसरकारी सदस्य घ्यावेत असे सुचवले होते. २०२४ चे नियम करताना ते मानले गेले नाही.

मी ज्या शहरातून लिहिते आहे त्याचा वारसा आपल्याला ठाऊक असेलच. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते काढले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलेच. शहरापर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसासाठी पुस्तके पेट्यांत भरून खेडोपाडी पाठवली जात. ब्रिटिशांची या संस्थानावर राजद्रोहाच्या संशयाची नजर असताना हे चालले होते. म्हणजे राज्यकर्त्यालाही भीती होती, दडपण होते, आणि तरीही ज्ञानाची वाट गरिबापर्यंत न्यायची असे त्याने ठरवले. माझ्या अभ्यासिकेतल्या मुलीच्या हातातला फोन आज तिच्यासाठी ती पुस्तकांची पेटी आहे. ती बंद करायची वेळ आलीच तर महिनोन्‌महिने तयारी करणाऱ्या त्या मुलीला कारण सांगण्याइतका आदर तरी राज्याने दाखवावा.

दंगल पेटली असेल, माणसांचे जीव धोक्यात असतील, तर काही तासांसाठी, ठरावीक भागात इंटरनेट थांबवावे लागेल, हे मी नाकारत नाही. बडोद्यात राहून ते नाकारता येत नाही. पण एखाद्या पोस्टने आग लागत असेल तर ती पोस्ट काढायला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ आहे. ती टाकणाऱ्याला पकडायला सायबर पोलीस आहेत. ते सगळे वापरून पाहिल्यावर उरतो तो शेवटचा उपाय, आणि तो शेवटचाच राहावा.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

जानेवारी २०२० पासून गुजरातेत इंटरनेट बंदीचे जेवढे आदेश निघाले तेवढे सगळे, पुनर्विलोकन समितीच्या निर्णयांसह, गृहविभागाच्या संकेतस्थळावर एका जागी ठेवावेत. पुढचा प्रत्येक आदेश अंमलात येण्यापूर्वी तिथे लागावा, गुजराती आणि हिंदीत. बडोद्यापुरता असेल तर मराठीतही द्यावा, आम्हीही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आदेशासोबत इंटरनेटशिवाय पैसे कसे पाठवायचे, मदतीचे क्रमांक कोणते, खरी माहिती रेडिओवर आणि एसएमएसने किती वाजता मिळेल, हेही द्यावे.

बंदी पोलीस ठाण्याच्या हद्दीपुरती आणि तासांत मोजलेली असावी. पूर्ण शहर किंवा पूर्ण राज्य बंद करायचे असेल तर कमी भागात का भागत नाही, ते आदेशातच लिहावे.

परीक्षेसाठी राज्यात कुठेही, कधीही इंटरनेट बंद होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे. या मागणीत मी कसलीही तडजोड मानणार नाही.

बंदी उठल्यावर एका महिन्यात तिचा अहवाल द्यावा: हिंसा थांबली का, कोण पकडले गेले, व्यापाराचे आणि मजुरांचे नुकसान किती झाले. आणि पुनर्विलोकन समितीत निवृत्त न्यायाधीश घ्यावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

शेवटची मागणी लहान आहे. अभ्यासिका, वाचनालये आणि सार्वजनिक सभागृहांसाठी वायफायचे नियम साध्या भाषेत एका पानावर छापा आणि त्यावर सायबर पोलिसांच्या एका अधिकाऱ्याचा क्रमांक द्या. ते पान मिळाले की मी त्याच संध्याकाळी मुलांना पासवर्ड देईन.

या पत्राचे लेखी उत्तर मिळावे ही विनंती. महिनाभरात ते आले नाही, तर २०२० पासूनचे आदेश मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी आपल्या कार्यालयातल्या माहिती अधिकाऱ्यांकडे दाखल करीन. जी उत्तरे येतील ती, आणि जी येणार नाहीत त्यांची यादी, दांडिया बाजारातल्या आमच्या अभ्यासिकेच्या फलकावर लावली जाईल.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे